आखाडा : मातीतला आणि बोलण्यातला



परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठीतले काही शब्द असे भेटतात, की त्यांचा मूळ अर्थ कधी डोळ्यांपुढे येतच नाही, नुसता लाक्षणिक अर्थ कानावर पडतो. 'आखाडा' हा त्यातलाच एक. आजोबा आले की मराठी बातम्या लागतात आणि त्यात निवडणुकीचा आखाडा तापलेला असतो. दोघे भाऊ सोफ्यावर एकमेकांच्या अंगावर लोळू लागले की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, घराचा आखाडा केलाय नुसता!" एवढ्या भांडवलावर मुलांनी काय अनुमान काढावे? आपल्या मराठी वर्गात एका मुलीने या शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवला, "काल आईबाबांचा आखाडा झाला." वर्ग हसला, आईबाबांची पंचाईत झाली. पण त्या मुलीचा तरी काय दोष? तिने आयुष्यात जेवढे आखाडे ऐकले होते त्या सगळ्यांचा अर्थ भांडण हाच होता. आखाड्यात माती असते, ती कोणी तरी रोज खणतो आणि तिथे भांडणाऱ्याला आत घेत नाहीत, हे तिला कोण सांगणार? म्हणून हा लेख. थोडा इतिहास, थोडा शब्दांचा शोध, आणि आपण ज्या देशात राहतो तिथल्या भाषेशी थोडी तुलना.

संस्कृतात 'अक्षवाट' असा शब्द आहे. अक्ष म्हणजे फासे आणि वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपले वाडा, वाडी हे शब्द त्याच 'वाट'पासून आले. कुस्तीच्या जागेलाही संस्कृत कोश अक्षवाटच म्हणतात, आणि प्राकृतातून घासत-पुसत त्याचा झाला आखाडा. थोडक्यात, फासे टाकायचे असोत की पैलवान पाडायचा असो, कुंपणाच्या आत जे चालेल ते खेळाच्या नियमाने आणि बाहेर जे चालेल ते संसाराच्या नियमाने. या कुंपणाकडे लक्ष असू द्या, ते पुढे लागणार आहे.

जाता जाता आणखी एक शब्द. 'रंग' म्हणजे संस्कृतात नाटकाची जागा तशीच मल्लांची आणि शस्त्रस्पर्धेचीही. महाभारतात कौरव-पांडवांनी आपले अस्त्रकौशल्य दाखवले आणि कर्ण जिथे अवचित येऊन उभा राहिला तो रंगच. मथुरेत कंसाने कृष्णाला चाणूराशी झुंजायला बोलावले तोही मल्लांचा रंग. पुढे या शब्दातून मल्ल निघून गेले, नट राहिले, आणि आपण पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करू लागलो. 'तालीम'चीही तीच गोष्ट. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. महाराष्ट्रात ती झाली पैलवानांची व्यायामशाळा, आणि मग नाटकवाल्यांनी तो शब्द उचलला. आज आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेची तालीम कोणाच्या तरी केलरमध्ये हीटिंगच्या पाइपांखाली चालते, तेव्हा तिथे लंगोट नसतो एवढेच. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यावरही कडी केली. महापालिकेची निवडणूक म्हणजे त्यांना 'विधानसभेची रंगीत तालीम' वाटते. पैलवानाकडून नटाकडे आणि नटाकडून पुढाऱ्याकडे, असा शब्दाचा प्रवास झाला.

आता खऱ्या आखाड्याकडे येऊ, आणि त्यासाठी कोल्हापूरला जायला हवे. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला निघाले. वाटेत रोमला थांबले आणि तिथे त्यांनी कलोसियम पाहिले. महाराज स्वतः कुस्ती खेळलेले, मोठ्या हाडापेराचे. तो प्रचंड गोल पाहून अशी वास्तू आपल्या गावी कुस्तीसाठी हवी हे त्यांच्या मनाने घेतले, असे कोल्हापुरात सांगतात. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकली की नाही ते दिसावे. उद्घाटनाच्या मोठ्या कुस्तीत इमामबक्षाने गुलाम मोहिद्दीनला हरवले. हे दोघे पंजाबकडचे मल्ल. शाहूंच्या काळात अशा बाहेरच्या पैलवानांना कोल्हापुरात आश्रय मिळे, आणि त्यांच्या संगतीत इथली पोरे तयार होत. मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधले. १९१५ साली सुरू झालेले ते पॅलेस थिएटर म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, जे ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत जळाले तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. 'रंग' या एका शब्दाचे दोन अर्थ शाहूंनी शेजारी शेजारी बांधून ठेवले होते, असे मला नेहमी वाटते.

रोमचा उल्लेख आला म्हणून इथे थोडे थांबू या. जर्मनीत पदोपदी भेटणारा 'आरेना' हा शब्द लॅटिन 'हारेना'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे वाळू. मैदान नव्हे, इमारत नव्हे, नुसती वाळू. स्पॅनिश शिकलेल्या मुलांना विचारा, त्या भाषेत वाळूला आजही आरेनाच म्हणतात. रोमन लोक अँफिथिएटरच्या मधल्या जमिनीवर वाळू पसरत, कारण तिथे माणसे आणि जनावरे मरत, आणि सांडलेले रक्त शोषून घ्यायला वाळू लागे. यासाठी रोमपर्यंत जायला नको. ट्रियरला पोर्टा निग्रा पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण एकदा तरी जातात. तिथून थोडे चालत गेले की दुसऱ्या शतकातले अँफिथिएटर आहे, अठरा-वीस हजार माणसे बसतील एवढे. मधल्या जमिनीखाली तळघर आहे. त्यात उतरले की उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने युद्धात पकडलेल्या फ्रँक राजांना ट्रियरलाच श्वापदांपुढे टाकले होते. मुलांना आइसक्रीम देण्याआधी हे सांगायचे की नंतर, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शाहूंनी रोमहून आणला तो फक्त आकार. मध्ये जे घातले ते आपले होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या हौद्यातली माती ही नुसती शेतातली माती नव्हे. तांबडी माती चाळून, खडे वेचून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर घालायचा, आणि ती रोज फावड्याने खणून उलथीपालथी करायची. खणणे हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम. हळद कशासाठी ते घरातल्या कोणत्याही बाईला सांगायला नको. खरचटले तर चिघळू नये म्हणून. रोममधली वाळू रक्त पिण्यासाठी होती, आपली माती खरचटलेले भरून येण्यासाठी. दोन्हीकडे बैठक गोल, दोन्हीकडे आरडाओरडा तोच, पण पायाखाली काय पसरले होते यात सगळा फरक. आपण 'आरेना' आणि 'आखाडा' हे शब्द एकमेकांचे भाषांतर म्हणून वापरतो, तेव्हा हा फरक हरवतो.

आणि आत गेल्यावरची रीत! पैलवान हौद्यात उतरताना आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो. मग समोरच्याशी हातमिळवणी. मग मूठभर माती घेऊन ती समोरच्याच्या अंगावर टाकतो, तो याच्या अंगावर टाकतो. पाहणाऱ्या नवख्याला वाटते डिवचतोय. तसे नाही. घामाने आणि तेलाने निसरड्या झालेल्या अंगावर माती बसली की पकड येते. म्हणजे मला तुला धरता यावे आणि तुलाही मला धरता यावे, याची सोय दोघे मिळून करतात. इथे 'तेल लावलेला पैलवान' हा वाक्प्रचार आठवावा. कोणाच्याच हाती न सापडणाऱ्या, प्रत्येक पकडीतून निसटणाऱ्या पुढाऱ्याला आपण कौतुकाने तसे म्हणतो. आखाड्याच्या हिशेबाने पाहिले तर हे कौतुक नाही. पकड येऊ न देणारा पैलवान माती टाकून घेत नाही असा त्याचा अर्थ. कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही. पाठ मातीला टेकली की झाले, त्यानंतर एक क्षणही झुंजायचे नाही. वर पंच असतो, कडेला वस्ताद असतो, आणि जिंकलेला पोरगा उठून आधी वस्तादाच्या पाया पडतो.

जत्रेतल्या फडाचे वर्णन इथे जर्मनीत जन्मलेल्या पिढीसाठी थोडे करतो. 'फड' हा आणखी एक गमतीचा शब्द, उसाचाही फड, तमाशाचाही फड आणि कुस्त्यांचाही फड. दुपार कलली की हलगी सुरू होते. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर किंवा नारळावर. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या, असे करत करत दिवेलागणीला इनामाची मोठी जोड. गावातला एखादा जाणता माणूस फेटा बांधून मध्ये फिरतो आणि जोडी लावून देतो, वजन-उंची डोळ्यांनीच मोजून. "ही जोड लागली!" असे तो म्हणाला की लागली. पुढे याच 'जोड'वरून आपण लग्नाच्या जोड्याही जुळवायला लागलो का, हा शोध मी दुसऱ्या कोणावर सोपवतो. रेवड्यांचे मात्र अलीकडे भलतेच झाले आहे. २०२२ पासून दिल्लीच्या राजकारणात फुकट वाटपाला 'रेवडी' म्हणू लागले, आणि मराठी वर्तमानपत्रांनीही तो शब्द उचलला. आमच्या गावच्या फडात रेवडी फुकट मिळत नसे. समोरच्या पोराला पाडावे लागे.

या एका हौद्याने मराठीला किती शब्द दिले ते मोजायला बसलो तर अंक पुरणार नाही. शड्डू ठोकणे आणि दंड थोपटणे म्हणजे आव्हान देणे. खडाखडी म्हणजे खरी लढत सुरू होण्याआधी एकमेकांचा अंदाज घेणे. जागावाटपाच्या बोलण्यांना हा शब्द किती चपखल बसतो पाहा. चीतपट करणे, पाठीला माती न लागू देणे, धोबीपछाड घालणे, डावपेच, तोडीस तोड. 'अस्मान दाखवणे' तर मला फारच आवडतो. उताणा पडलेल्या माणसाला आकाशाशिवाय दुसरे काय दिसणार! आणि 'वस्तादाने एक डाव राखून ठेवलेला असतो' हे तर म्हणीच्या पंक्तीला जाऊन बसले. 'नुरा कुस्ती' म्हणजे आधी ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. प्रेक्षकाला ती लगेच कळते, कारण दोघे फार सुंदर खेळतात. विधिमंडळातल्या वादावादीला पत्रकार नुरा कुस्ती म्हणतात तेव्हा आखाड्याचा एक अस्सल शब्द तितक्याच अस्सलपणे वापरला जातो.

पण बाकी वेळी काय होते? २०१९ च्या विधानसभा निवडणुकीचे उदाहरण घ्या. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस प्रचारात म्हणाले की आमचे पैलवान तेल लावून आखाड्यात उभे आहेत, पण समोर लढायला कोणी दिसतच नाही. शरद पवारांनी त्यावर कुस्ती पैलवानांशी होते असा टोला दिला. पवार अनेक वर्षे राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांना आखाडा शिकवायला जाणे हे धाडसच. महिनाभर सगळा महाराष्ट्र पैलवान, तेल, लंगोट याच भाषेत बोलत होता. मग निकाल लागला, आणि बऱ्याच उलथापालथीनंतर नोव्हेंबर अखेरीस मुख्यमंत्री झाले उद्धव ठाकरे. आता मला सांगा, कोणत्या फडात दोघांची कुस्ती होते आणि गदा तिसराच घेऊन जातो? राजकारणात तसे होऊ शकते, त्यात काही बेकायदा नाही. युती, आघाडी, तडजोड हाच तर लोकशाहीचा रोजचा व्यवहार. जर्मनीत तर निवडणुकीनंतर कालचे प्रतिस्पर्धी महिनोन्महिने एका टेबलाशी बसून करार लिहितात, तेव्हा कुठे सरकार होते. चूक राजकारणाची नाही, उपमेची आहे. आखाडा म्हटले की एक उभा आणि एक आडवा, एवढीच दोन माणसे दिसतात. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो मतदार बैठकीत टाळ्या वाजवणारा प्रेक्षक होऊन बसतो. आणि हौद्यातल्या चांगल्या गोष्टी, म्हणजे माती टाकणे, पंच, पाठ टेकल्यावर थांबणे, यांतले काहीच उपमेबरोबर येत नाही. कुंपण मागेच राहते आणि झुंज तेवढी बाहेर येते.

जर्मन भाषेने या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. 'श्टाडिऑन' हा मूळ ग्रीक शब्द म्हणजे अंतराचे माप, सहाशे पावले. ऑलिंपियाला ते साधारण १९२ मीटर भरते. तेवढ्या अंतराच्या शर्यतीलाही तेच नाव, आणि शर्यतीच्या जागेलाही तेच. जर्मनांनी त्याचे दोन वेगळे शब्द करून ठेवले. खेळायची जागा ती श्टाडिऑन. आणि श्टाडिउम म्हणजे टप्पा, अवस्था, विशेषतः आजाराची. इंग्रजीच्या सवयीने नवा आलेला आपला माणूस ऑफिसात सांगतो की शनिवारी मी श्टाडिउममध्ये होतो, तेव्हा सहकाऱ्यांचे चेहरे का पडतात ते त्याला कळत नाही. उलट डॉक्टर 'आनफांग्सश्टाडिउम' म्हणाले तर घाबरू नये, म्हणजे आजार पहिल्या पायरीवर आहे. मैदान एकीकडे आणि लाक्षणिक अर्थ दुसरीकडे, मध्ये शेवटच्या एका अक्षराची भिंत. ही शिस्त खास इथलीच.

कुस्तीचेही शब्द इथे आहेत. कुस्ती म्हणजे 'रिंगन', पण लाक्षणिक अर्थाने जर्मन माणूस दुसऱ्याशी क्वचित रिंगन करतो. तो स्वतःच्या मनाशी रिंगन करतो, शब्द सुचत नसला की शब्दांसाठी करतो, दम लागला की श्वासासाठी करतो. हे मला सुरेख वाटते. दुसरा वाक्प्रचार 'आउफ्स क्रॉइट्स लेगन', म्हणजे पाठीवर पाडणे, हुबेहूब आपले चीत करणे. मात्र अर्थात फरक आहे. आपण चीत केले म्हणजे हरवले. जर्मनाला कोणी पाठीवर पाडले म्हणजे फसवले, जुनी गाडी विकताना वगैरे. आणि घरात मुलांनी धुमाकूळ घातला तर इथली आई आखाडा म्हणत नाही, ती म्हणते, "हा काय त्सिर्कुस मांडलाय", नाही तर "थिआटर पुरे." पुन्हा रंगभूमीच!

मैदानाच्या नावांत तर इथेही लढाईच होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या कितीतरी मैदानांना 'काम्पबान' म्हणत, म्हणजे झुंजीचे मैदान. गेल्झेनकिर्शनला शाल्केचे ग्ल्युकआउफ-काम्पबान १९२८ चे. डॉर्टमुंडचे १९२६ चे, आणि त्याचे नाव ऐकून कोल्हापूरकराने उभे राहून सलामी द्यावी : काम्पबान रोटं एर्डं, तांबड्या मातीचे झुंजमैदान! वेस्टफालिया प्रांताचेच हे जुने नाव आहे, मध्ययुगातली तिथली न्यायसभा 'तांबड्या मातीवर' बसे असे म्हणत. डॉर्टमुंडचा फुटबॉल १९७४ पर्यंत याच मैदानावर चालला, मग शेजारी मोठे वेस्टफालेनश्टाडिऑन झाले. जुने मैदान अजून जागेवर आहे. डॉर्टमुंड-बोखुमकडच्या वाचकांनी येताजाता पाहावे. शेजारच्या मोठ्याचे नाव मात्र २००५ पासून एका विमा कंपनीचे आहे.

'आरेना' हा शब्द जर्मन मैदानांवर आला तो बहुतांशी या व्यापारी लाटेबरोबर. २००१ मध्ये गेल्झेनकिर्शनला आरेना आउफशाल्के, २००५ मध्ये म्युनिकला अलियान्झ आरेना, त्याच वर्षी फ्रांकफुर्टच्या वाल्डश्टाडिऑनची एका बँकेच्या नावाने आरेना झाली. हाम्बुर्गच्या फोल्क्सपार्कश्टाडिऑनने २००१ ते २०१५ मध्ये तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांची आरेना होऊन दाखवले आणि शेवटी जुने नाव परत घेतले. आत वाळूचा कण नाही, हिरवेगार गवत, पण नाव वाळू.

राजकारणाची आरेना इथेही आहेच. जर्मन दूरदर्शनवर निवडणुकीच्या वेळी 'वालआरेना' नावाचा कार्यक्रम होतो. २०१३ पासून प्रत्येक संसदीय निवडणुकीत तो झाला. उमेदवार मध्ये उभा राहतो आणि भोवती बसलेली सामान्य माणसे त्याला घरभाडे, पेन्शन, नर्सांचा पगार यावर प्रश्न विचारतात. २०१७ साली नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने चान्सेलर मेर्केल यांना म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या हालाबद्दल असा काही जाब विचारला, की दुसऱ्या दिवशी सगळा देश त्यावर बोलत होता. इथे आरेना आहे, पण समोर दुसरा पैलवान नाही. पकडीत धरणारे प्रेक्षकच.

पण या देशाला याची उलटी बाजूही माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बर्लिनला शोनेबर्ग भागात पोट्सडामर श्ट्रासेवर १९१० साली 'श्पोर्टपालास्ट' सुरू झाला. आधी बर्फावरचे खेळ, मग मुष्टियुद्ध आणि सहा दिवस-रात्र चालणाऱ्या सायकलशर्यती. तिथल्या पब्लिकची शिट्ट्यांची एक धून होती, तिला आजही श्पोर्टपालास्ट-वाल्त्सर म्हणतात. याच सभागृहात राजकीय सभाही भरत, आणि १९३३ नंतर त्या एकाच पक्षाच्या झाल्या. स्टालिनग्राडच्या पराभवानंतर, १८ फेब्रुवारी १९४३ ला, गोबेल्स तिथे उभा राहिला आणि निवडून बोलावलेल्या हजारो लोकांना त्याने विचारले, तुम्हाला सर्वंकष युद्ध हवे आहे का? लोक ओरडून हो म्हणाले, सायकलवाल्यांना ओरडत तसेच. इमारत १९७३ मध्ये पाडली, तिथे आता राहती घरे आहेत. पण 'श्पोर्टपालास्ट' हा शब्द जर्मन भाषेत उरला, आणि कोणा पुढाऱ्याचे भाषण तसे वाटले असे कोणी म्हटले तर त्याहून मोठा आरोप नाही. खेळाच्या जागेच्या नावाचा लाक्षणिक अर्थ किती दूर जाऊ शकतो याचे हे उदाहरण. तिथे पंच नव्हता, वस्ताद नव्हता, आणि पाठ टेकल्यावरही कुस्ती थांबली नाही.

त्याच बर्लिनला १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी आपली मराठी माणसेही येऊन गेली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेच्या लोकांनी जर्मनांना कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. भोवती झेंडे आणि संचलने, मध्ये आमची वऱ्हाडची पोरे 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम धरून पळतायत! हे चित्र मला फार वेळा डोळ्यांपुढे येते.

आपल्या कुस्तीचीही पुढे मातीपासून थोडी फारकत झाली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या पायांना मॅट परकी होती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि मॅट असे दोन विभाग असतात आणि अंतिम कुस्ती या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. आखाड्यात शतकानुशतके बायकांना पाऊल टाकू देत नसत, तेही बदलले. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर विनेश फोगट, साक्षी मलिक आदी पैलवान न्यायासाठी रस्त्यावर बसले होते, आणि २०२४ मध्ये विनेश हरियाणात आमदार झाली. 'कुस्तीच्या आखाड्यातून राजकारणाच्या आखाड्यात' असे लिहिताना निदान त्या वेळी पत्रकारांना दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बरोबर वापरता आले.

राहता राहिले नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात येणारे साधूंचे तेरा आखाडे. जर्मन टीव्हीवर कुंभमेळा दाखवतात तेव्हा शेजारीपाजारी त्याबद्दल विचारतात. तो त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ, एका शिस्तीत बांधलेला जथा. कुंपण इथेही आहे.

उन्हाळी सुट्टीत जे कोल्हापूरला जाणार असतील त्यांनी मुलांना अंबाबाईच्या दर्शनानंतर खासबाग तर दाखवावेच, पण सकाळी लवकर उठून गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतही न्यावे. आधी वस्तादांना विचारावे, चपला बाहेर काढाव्या. माती खणताना कसा वास येतो तो मुलांना घेऊ द्यावा, ओलसर, ताकाचा आणि कापराचा. फुटबॉलवेड्या मुलांसाठी सांगून ठेवतो, कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असेल तर गर्दीच्या बाबतीत डॉर्टमुंडची आठवण येईल. आणि परत आल्यावर त्या मुलीला वर्गात पुन्हा वाक्यात उपयोग करायला सांगू.

आपल्यापैकी बेळगाव, सोलापूर, खानदेश, वऱ्हाडकडच्या मंडळींच्या गावी या हौद्याला, माती खणण्याला आणि जोड लावणाऱ्याला काय म्हणतात ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात पान राखून ठेवायला संपादकांना सांगितले आहे.